धुतल्यावर मशीन ‘ट्रिप’ का होतं? एका पांढऱ्या भुकटीचा आणि एका खटक्याचा इतिहास

माझा मावसभाऊ पुण्याहून वर्क फ्रॉम होम घेऊन वणीला परत आला, तेव्हा सामानात एक छोटं एस्प्रेसो मशीनही घेऊन आला. घरच्यांना त्याचं फार कौतुक नव्हतं. आमच्याकडे ‘एस्प्रेसो’ म्हटलं की लग्नाच्या रिसेप्शनमधलं ते चकचकीत मशीन आठवतं: फुस्सकन वाफ सोडून दूध फेसाळवणारं, वरून कोको पावडर भुरभुरवलेली कॉफी देणारं. त्या कॉफीचा इटलीशी संबंध नावापुरताच असतो, पण ती पिऊन लहानाचे मोठे झालेल्यांना खरी एस्प्रेसो कडूजहर लागते. ते असो. चार-पाच महिन्यांनी मशीनचा आवाज बदलला, पाणी बारीक यायला लागलं, म्हणून त्याने रविवारी सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवून आतला क्षार काढला, वरून ओल्या फडक्याने पुसलं, प्लग लावला, बटण दाबलं. खट्. अख्ख्या घराची लाइट गेली.

मीटरशेजारच्या बोर्डातला ईएलसीबी पडला होता. वर केला, पुन्हा पडला. मशीनचा प्लग काढला की नीट राहायचा. वायरमनला बोलावलं, त्याने पाच मिनिटांत निदान केलं आणि उपायही सांगितला: “अर्थिंगचा वायर काढून टाका ना भाऊ, मंग नाही पडत.”

हे वाक्य महाराष्ट्रात कुठेही ऐकायला मिळेल, आणि ते खरंही आहे. अर्थिंग काढलं की खटका पडत नाही. मात्र हा उपाय म्हणजे धुराची घंटा वाजते म्हणून घंटेची वायर तोडण्यासारखा आहे. भावाने मला फोन केला, कारण माझी पीएचडी ज्या पदार्थावर चालली आहे तो पदार्थ त्या मशीनच्या पोटात आहे. मॅग्नेशियम ऑक्साइड. दमट हवेत या पदार्थाची विद्युतरोधकता कशी आणि किती ढासळते, हे मी गेली तीन वर्षं मोजते आहे. घरी कोणी विचारलं की “पांढऱ्या पावडरीवर काम चालू आहे” एवढंच सांगते. आज त्या पावडरीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात भावाच्या मशीनचं उत्तर आहे आणि आपल्या भागातल्या उन्हाळ्याशीही तिचा जवळचा संबंध आहे.

आधी मशीन. वाफेच्या दाबावर कॉफी काढण्याचं पेटंट इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोरिओन्दो याने 1884 मध्ये घेतलं. मिलानच्या लुईजी बेझेराने 1901 मध्ये त्यात सुधारणा केली, देझिदेरिओ पाव्होनीने ती विकत घेऊन 1905 पासून मशीन बनवायला सुरुवात केली. ही सगळी उभी, पितळी, बॉयलरवाली मशीनं. खाली गॅस नाहीतर कोळसा जळायचा. म्हणजे आपल्या लग्नातल्या मशीनची खरी आजी तीच. अकिले गाज्जियाने 1938 मध्ये पेटंट घेतलेल्या आणि युद्धानंतर बाजारात आलेल्या मशीनमध्ये वाफेऐवजी दट्ट्याचा दाब वापरला, आणि कॉफीवर तो तांबूस फेस यायला लागला. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 या मशीनने दाब द्यायचं काम विजेच्या पंपाकडे दिलं. नावातला ‘ई’ त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून आला. पुढे ही यंत्रं आकसत आकसत घराच्या ओट्यावर आली. पाणी, वाफ, तापमान आणि वीज, सगळं एका बुटाच्या खोक्याएवढ्या जागेत.

पण मशीन लहान होणं शक्य झालं ते तापवणाऱ्या दांडीमुळे. तिचा इतिहास कॉफीच्या पुस्तकांत सहसा नसतो.

वीज तारेतून गेली की तार तापते हे जुनं ज्ञान. अडचण अशी की लोखंडाची तार लाल झाली की हवेत जळून खपली धरते, तुटते. अमेरिकेत अल्बर्ट मार्शने निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू काढला, 1906 मध्ये त्याचं पेटंट मिळालं, तोच नायक्रोम. ही तार वर्षानुवर्षं लाल राहू शकते. आपल्याकडच्या हॉस्टेलांत मातीच्या गोल थाळीच्या खाचेत बसवलेली कॉइलची शेगडी ज्यांनी वापरली आहे त्यांना नायक्रोम वेगळा सांगायला नको. त्या शेगडीवर दूध उतू गेलं की काय व्हायचं हेही आठवत असेल. उघडी तार, म्हणजे उघडी वीज. पाण्यात ती बुडवताच येणार नाही.

म्हणून तारेला धातूच्या नळीत घालायचं. पण नळी धातूची, तार विजेची. दोघींची गाठ पडता कामा नये. मध्ये असं काहीतरी भरायचं की उष्णता जाईल आणि वीज जाणार नाही. इथे निसर्ग आडवा येतो. तांबं, ॲल्युमिनियम उष्णताही वाहतात आणि वीजही. कापूस, रबर, लाकूड दोन्ही अडवतात. एक सोडायचं आणि एक अडवायचं, असे पदार्थ थोडे, आणि त्यातला स्वस्त, बिनविषारी, 2800 अंशांपर्यंत न वितळणारा पदार्थ म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. नॉर्वेचा अभियंता ख्रिश्चन बर्ग बाकर याने पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी या पदार्थाने भरलेली नळी बनवली. त्याची रीत मला फार आवडते. त्याने तारेभोवती मॅग्नेशियम धातूची पट्टी गुंडाळून ती नळीत सरकवली आणि आत दाबाखालची वाफ सोडली. वाफेने मॅग्नेशियमचं रूपांतर होत होत ते फुगलं, नळी गच्च भरली. मग तापवून पाणी घालवलं की उरला ऑक्साइड. पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने तयार भुकटीच नळीत भरून नळी बाहेरून दाबून बारीक करण्याची पद्धत रूढ केली आणि ‘कॅलरॉड’ या नावाने ती विकली. आज जगभर हीच दुसरी पद्धत चालते. गिझर, इमर्शन रॉड, इस्त्री, केटल, राइस कुकर, एस्प्रेसो मशीन, कुठलंही उघडून बघा, आत तीच पेन्सिलीएवढी दांडी आणि तिच्या पोटात तीच पांढरी भुकटी.

बाकरच्या कृतीत एक इशारा लपलेला होता. वाफेने मॅग्नेशियमचं जे बनतं ते आधी हायड्रॉक्साइड असतं, आणि ऑक्साइडलाही पाणी दिसलं की पुन्हा हायड्रॉक्साइड व्हायचं असतं. भुकटी पाणी पिते. उन्हाळ्यातल्या हवेतलं थोडंफार, पावसाळ्यातल्या हवेतलं भरपूर. म्हणून दांडीच्या दोन्ही टोकांना रबर, सिलिकॉन किंवा इपॉक्सीचं बूच असतं. हे बूच वर्षानुवर्षं तापून-गार होऊन तडकतं. तडा केसाएवढा असला तरी पुरतो, कारण दांडी गार होताना आतली हवा आकसते आणि बाहेरचा ओलावा स्वतःहून आत ओढला जातो. मशीन ओल्या फडक्याने पुसलं, नळाखाली धरलं, किंवा वरची टाकी भरताना पाणी सांडून खाली झिरपलं, की त्या बुचापर्यंत पाणी पोचतं.

आत शिरलेलं पाणी दोन प्रकारचं असतं, आणि माझ्या प्रबंधाचं अर्धं प्रकरण याच फरकावर आहे. एक पाणी कणांच्या पृष्ठभागावर नुसतं चिकटून बसलेलं. ते शंभरेक अंशाला, कधी त्याहूनही कमी तापमानाला सुटतं. दुसरं रासायनिक बंधात गेलेलं, म्हणजे हायड्रॉक्साइड झालेलं. ते घालवायला साधारण 350 अंश लागतात. वणीच्या मे महिन्यातल्या गच्चीवर मशीन दोन दिवस ठेवलं तर पहिल्या प्रकारचं पाणी बरंचसं जाईल, दुसऱ्याला काही होणार नाही. म्हणून काही मशीनं ‘उन्हात ठेवली आणि सुधारली’ आणि काही नाही सुधारली. त्यात नशिबाचा भाग नाही.

पाणी भुकटीत शिरलं की वीज नेमकी कशी वाहते, याचा पहिला नीट अभ्यास ज्याने केला त्याचं आडनाव आपल्या वायरमन लोकांच्या तोंडी नाही, पण त्याचं उपकरण आहे. ते म्हणजे ‘मेगर’. सिडनी एव्हरशेड हा लंडनचा उपकरणं बनवणारा इंजिनिअर. विजेच्या दिव्यांच्या सुरुवातीच्या काळात, 1880 च्या दशकाच्या शेवटी, त्याने रोधकता मोजायचं हातात नेता येणारं यंत्र बनवलं; ‘मेगर’ हे नाव 1903 मध्ये नोंदवलं गेलं. हँडल फिरवायचं, आतला डायनामो पाचशे व्होल्ट तयार करतो, काटा मेगओहम दाखवतो. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर त्याने एक निबंध लिहिला, ज्याचा दाखला माझ्या विषयात आजही द्यावा लागतो. त्याला असं दिसलं होतं की ओल्या कापसाची किंवा कागदाची रोधकता व्होल्टेज वाढवलं की कमी होते. ओहमच्या नियमाने असं व्हायला नको. त्याचं स्पष्टीकरण असं: छिद्रांमध्ये पाणी सलग नसतं, थेंबाथेंबाने असतं, मध्ये हवेचे बुडबुडे. विजेचा दाब वाढला की थेंब छिद्राच्या भिंतीवर पसरतात आणि एकमेकांना भेटतात. तुटक पाण्याची सलग वाट होते.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या मल्टिमीटरला ओलसर दांडी पुष्कळदा ‘चांगली’ वाटते. 230 व्होल्ट मिळाले की तीच दांडी गळायला लागते. भावाच्या वायरमनने मल्टिमीटर लावून “हिटर ओके आहे” म्हटलं होतं. त्याने जे मोजलं ते बरोबरच होतं, फक्त पुरेसं नव्हतं. इथे मेगर हवा.

आता वणीचं पाणी. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. बाहेरचे लोक वणीला कोळशाचं गाव म्हणून ओळखतात आणि ते बरोबरच आहे: वर्धा खोऱ्यातलं कोळसा क्षेत्र, 1973 मध्ये राष्ट्रीयीकरण, 1975 पासून वेस्टर्न कोलफिल्ड्स. पण आमच्या पायाखाली कोळशाइतकाच चुनखडीचाही दगड आहे, भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला पैनगंगा समूह म्हणतात तो. राजूरला कोलियरीही आहे आणि चुन्याच्या भट्ट्याही. या दगडातून मुरून आलेलं बोअरचं पाणी जड असतं. डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही, गिझरच्या दांडीवर वर्षभरात पांढरी साल चढते. पुण्यात दोन वर्षं चाललं असतं ते मशीन वणीत पाच महिन्यांत कुरकुरलं, याचं कारण जमिनीत आहे.

ही साल एक फसवं काम करते. दांडीच्या बाहेरच्या नळीला गंजून बारीक भोक पडलेलं असलं तर चुन्याचा थर ते काही काळ बुजवून ठेवतो. ॲसिडने तो थर विरघळला की भोक उघडं पडतं आणि पाणी थेट भुकटीत. मग वाटतं सफाईने मशीन बिघडलं. बिघाड आधीपासून होता, सफाईने त्याच्यावरचं पांघरूण काढलं. हे दोन प्रकार, म्हणजे टोकाकडून आलेला ओलावा आणि भोकातून आलेलं पाणी, वेगळे ओळखायची एक खूण आहे: पहिल्या प्रकारात मशीन पूर्ण वाळवल्यावर सुधारतं, दुसऱ्यात वाळवल्यावर चालतं आणि पाणी भरलं की पुन्हा पडतं. दुसऱ्या प्रकारात दांडी बदलण्याला पर्याय नाही.

खटका कधी पडतो हेही बोलकं असतं. मशीनचं बटण दाबताक्षणी पडला तर संशय दांडीवर, नाहीतर ओल्या झालेल्या वायरींच्या जोडांवर. तापायला लागून दोन-तीन मिनिटांनी पडला तर बहुतेक दांडीच, कारण तापल्यावर आतला ओलावा हलतो. कॉफीचं बटण दाबल्यावर पडला तर पंप किंवा पाणी सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. फक्त वाफेच्या वेळी पडला तर बॉयलरच्या वरच्या बाजूला कुठेतरी वाफ गळून थर्मोस्टॅटच्या टोकांवर बसते आहे. हे सगळं खटक्याचा वेळ ऐकून समजतं, स्क्रू न उघडता. उघडायचं तर प्लग काढून, आणि ज्याला येतं त्यानेच.

आता तो खटका. वायरमनला जो त्रासदायक वाटला, तो या गोष्टीतला मला सर्वात महत्त्वाचा भाग वाटतो.

जुन्या घरात संरक्षण म्हणजे चिनी मातीचा किटकॅट फ्यूज, आणि वरचेवर जातो म्हणून त्यात तारेचे दोन-तीन पदर. फ्यूज घराच्या वायरिंगला आगीपासून वाचवतो. माणसाला तो वाचवू शकत नाही, कारण पाच अँपिअरच्या फ्यूजला जे कळतही नाही त्याच्या पन्नासाव्या भागात माणूस मरतो. गणित करून बघा. ओल्या हाताच्या, ओल्या पायाच्या माणसाचा रोध साधारण हजार ओहम धरा. 230 व्होल्टला होतात 230 मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरच्याही आत. हृदय थांबायला ते पुष्कळ झाले.

मग अर्थिंग? अर्थिंगने गळणारी वीज जमिनीत जाते आणि फ्यूज जातो, असं शाळेत शिकवतात. अर्थिंगचा खड्डा चांगला असेल तर जातोही. पाइप, मीठ, लाकडाचा कोळसा आणि वरून पाणी, अशी आपली रीत. 1966 मध्ये पहिल्यांदा आलेल्या आयएस 3043 या भारतीय मानकात तिचं वर्णन आहे. पण खड्डा खडकाळ जमिनीत, कोरडा पडलेला, त्याचा रोध वीस ओहम असेल तर? 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी हा प्रवाह बिनतक्रार वाहून नेतो, आणि मशीनचं धातूचं अंग विजेने भारलेलं राहतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये किती खड्डे ओले असतात हे वणीकरांना सांगायला नको.

हे कोडं सुटलं ते खाणीत. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत ओल्या, दमट बोगद्यांतून लांबच लांब केबल ओढल्या जायच्या. कुठेतरी गळती असायचीच. तोवरची गळती पकडणारी यंत्रं दहा अँपिअरच्या खाली जागीच होत नव्हती. हेन्री रुबिन या अभियंत्याने 1955 मध्ये अडीचशे मिलिअँपिअरला जागं होणारं यंत्र बनवून खाणींत बसवलं, आणि पुढच्याच वर्षी वीस मिलिअँपिअरच्याही खाली उतरणारा नमुना तयार केला. तत्त्व इतकं साधं आहे की हसू येतं. घरात जाणारी आणि घरातून परत येणारी, दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून न्यायच्या. जितकी वीज गेली तितकीच परत आली तर दोघींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसतात. कमी परत आली, म्हणजे मध्येच कुठेतरी, भिंतीतून, मशीनच्या अंगातून, माणसातून, जमिनीत गेली. कड्याला फरक कळतो, खटका पडतो. दुकानदाराचा गल्ला संध्याकाळी जुळला नाही तर जसं कळतं तसं, फक्त सेकंदाच्या छोट्या अंशात.

हे यंत्र खाणीतून घरात कसं आलं? स्टिलफाँटेन या खाणकामगारांच्या वसाहतीत एक बाई घरातच विजेच्या धक्क्याने गेली. त्यानंतर 1957 आणि 1958 मध्ये त्या वसाहतीतल्या घरांमध्ये वीस मिलिअँपिअरची काहीशे यंत्रं बसवली गेली. घरगुती संरक्षणाचा हा अगदी सुरुवातीचा मोठा प्रयोग, आणि तो झाला खाणीच्या क्वार्टरांमध्ये. त्याच सुमारास व्हिएन्नात गॉटफ्रीड बीगलमायर अशाच यंत्रावर काम करत होता. तो तर स्वतःच्या शरीरातून प्रवाह सोडून मोजमापं घ्यायचा.

किती प्रवाह धोक्याचा, हा आकडा मुळात आला कॅलिफोर्नियातून. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन प्रवाह हळूहळू वाढवला आणि हात सोडवता येईनासा कधी होतो ते नोंदवलं. 134 पुरुष, 28 स्त्रिया. पुरुषांची सरासरी 16 मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. ‘विजेने चिकटवून ठेवलं’ असं आपण म्हणतो ते शब्दशः खरं आहे: या आकड्यापलीकडे मनगटाचे स्नायू मेंदूचं ऐकत नाहीत. हृदयाची मर्यादा माणसांवर तपासता येणार नव्हती, ती मेंढ्या, वासरं आणि कुत्र्यांवर तपासली गेली. डॅल्झील यांनी 1961 मध्ये अमेरिकेसाठी स्वतःचं यंत्र बनवलं, जे पाच मिलिअँपिअरच्या आसपास पडतं. युरोपने आणि आपण तीस स्वीकारले. तीस मिलिअँपिअरचा झटका चांगलाच बसतो, हातही सुटत नाही. पण खटका इतक्या लवकर पडतो की हृदयाची लय बिघडायला वेळ मिळत नाही. बोर्डावर छापलेला 30 mA चा आकडा असा आलेला आहे.

(एक जाता जाता. ज्याला आपण सगळे ईएलसीबी म्हणतो तो आता बहुधा आरसीसीबी असतो. खरा जुना ईएलसीबी अर्थिंगच्या वायरवरचं व्होल्टेज बघायचा. नाव चिकटलं, वस्तू बदलली. दुकानात दोन्ही नावांनी तेच मिळतं.)

भावाच्या मशीनकडे या आकड्यांनी बघू. तीस मिलिअँपिअर गळायला 230 व्होल्टला रोध आठ हजार ओहमच्या खाली यावा लागतो. धडधाकट दांडीचा रोध काही दशलक्ष ओहम असतो. म्हणजे ‘थोडं दमट झालं असेल’ म्हणून सोडून द्यायचा हा प्रकार नाही, रोध शेकडो पटींनी कोसळलेला आहे. अशा मशीनची अर्थिंगची वायर काढली की गळती थांबत नाही, फक्त जमिनीकडे जायचा रस्ता बंद होतो. ती मशीनच्या स्टीलच्या अंगावर वाट बघत थांबते, कोणीतरी ओल्या हाताने कप उचलायला येईपर्यंत. बोर्डात ईएलसीबी असेल तर तेव्हा तो पडेल, म्हणजे आता परीक्षा माणसाच्या अंगातून. नसेल तर काहीच पडणार नाही, माणूस सोडून.

आणि बहुतेक घरांत नसतो. 1956 च्या भारतीय वीज नियमांत खाणींसाठी वेगळं प्रकरण होतं, गळती आणि अर्थिंगची कडक भाषा होती. घरांसाठी गळती-संरक्षणाची अट पुढे आली, तीही मोठ्या जोडणीसाठी. 2010 च्या केंद्रीय नियमांतही घरगुती दाबावर पाच किलोवॅटच्या खालच्या जोडणीला ती लागू नव्हती. वणीतल्या साध्या घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटचा. म्हणजे खाणीत विजेच्या यंत्रावर काम करणारा माणूस ड्युटीवर असताना कायद्याच्या संरक्षणात असायचा आणि घरी येऊन आंघोळीच्या बादलीत इमर्शन रॉड टाकताना नसायचा. स्टिलफाँटेनच्या वसाहतीत 1957 साली जे झालं ते आमच्याकडे दुकानात मिळतं, नियमात मात्र छोट्या घरापर्यंत पोचायला फार वेळ लागला.

एस्प्रेसो मशीन तरी किती घरांत असणार. कुलर प्रत्येक घरात आहे. होळी झाली की विदर्भात माळ्यावरून कुलर खाली येतो, पत्र्याची बॉडी धुतली जाते, खस बदलतो, टुल्लू पंप तपासला जातो, टाकी भरली जाते, प्लग लागतो. नीट बघा, हा तोच क्रम आहे: सफाई, पाणी, वीज. कुलरमध्ये तापवायची दांडी नाही, पण मोटारीच्या आणि पंपाच्या जुन्या वायंडिंगचं रोधक आवरण, तडकलेली वायर आणि जड पाण्याचा क्षार मिळून तेच घडतं. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय, आणि खूपदा दोनच पिनांचा प्लग. महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं की टाकी भरताना कुलर बंद करा, प्लग काढा, अर्थिंग तपासा. आणि दर उन्हाळ्यात आपल्याकडच्या पेपरात दोन कॉलमांची बातमी येते, कुलरचा शॉक लागून अमुक गावात कोणीतरी गेलं. बहुधा पाणी भरणारी बाई, नाहीतर खेळता खेळता हात लावणारं लेकरू. शेजारच्या चंद्रपूरचं तापमान देशभर बातम्यांत येतं, या बातम्या जिल्ह्याच्या पानापलीकडे जात नाहीत.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते, हे सगळ्यांना दिसतं. लांब अशासाठी की प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. मागे बसलेला कोणीतरी इंजिनिअर या अर्ध्या सेंटिमीटरचा विचार करून गेला आहे. आपण ती पिन टू-पिनच्या बोर्डात बसावी म्हणून मोडतो.

भावाने शेवटी अर्थिंग काढलं नाही. मशीन आठवडाभर पंख्याखाली उघडं ठेवलं, मग मेगर असलेल्या दुसऱ्या वायरमनकडून मोजून घेतलं. दांडीच्या एका टोकाचं बूच तडकलेलं निघालं, मेगरवर पाव मेगओहमच्याही खाली वाचन. त्याने दांडी बदलली. जुनी दांडी मी मागून घेतली. प्रयोगशाळेत ती कापून भुकटी काढली, तापवत तापवत वजन मोजलं. शंभर-सव्वाशे अंशाच्या सुमाराला थोडं वजन घटलं, आणि साडेतीनशेच्या जवळ दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा जास्त. म्हणजे बरंचसं पाणी नुसतं चिकटलेलं नव्हतं, हायड्रॉक्साइड होऊन बसलेलं होतं. गच्चीवरच्या उन्हाचा त्याला काही उपयोग झाला नसता.

तुमच्या बोर्डात आरसीसीबी असेल तर त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण आहे. ते दाबलं की खटका पडायला हवा. महिन्यातून एकदा दाबायचं असतं, कारण वर्षानुवर्षं न हललेला खटका जागच्या जागी चिकटतो. कुलर खाली काढाल त्या दिवशी आधी ते दाबून बघा, मग टाकी भरा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर हा खटका काही करू शकत नाही, त्याच्या लेखी गेलेली वीज परत आलेलीच असते. म्हणून प्लग काढण्याला पर्याय नाही. पुढच्या वेळी त्या दोन वजनघटींचा आलेख दाखवते आणि हायड्रॉक्साइडचे कण सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसतात तेही.